ठोकलं की पेटणारं एसी पॅनेल

गोव्यातल्या वाळपईच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा. गाडी २००६ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली. चतुर्थीच्या आधी पुढचा बंपर रंगवून आणला आणि तेव्हापासून २२ अंश लावले तरी जाळीतून गरम हवा येते. पॅनेलवर बाहेरचं तापमान उणे ३० दिसतं. शिवाय खड्ड्यात चाक गेलं की पॅनेल विझतं आणि वरून थाप मारली की पुन्हा पेटतं. हे दुखणं मात्र जुनं, आदल्या पावसाळ्यापासूनचं. गॅरेजवाल्यानं दोनदा गॅस भरला, फरक शून्य. आता तो म्हणतो पॅनेलच बदला, १८ हजार होतील, तेही मिळालं तर. पंधरा वर्षं झाल्यावर पाच वर्षांसाठी पासिंग करून घेतलंय, म्हणजे गाडी काढायची नाही. काय करावं?

पॅनेल बदलू नका. निदान एवढ्यात तरी नको. म्हापशात गाड्यांचं वायरिंग आणि एसी करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. त्यात खरोखर मेलेली पॅनेलं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. मारून टाकलेली बरीच. तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे आणि ते त्या उणे ३० मध्ये आहे. वाळपईत खरंच उणे ३० झालं तर आधी म्हादई गोठेल.

पॅनेलमागच्या या कंट्रोल युनिटला स्वतःचं काही कळत नाही. त्याला चार-पाच ठिकाणांहून निरोप येतात: बाहेरची हवा किती गरम, आतली किती, ऊन किती पडलंय, कूलिंग कॉइल किती गार झाली, इंजिनचं पाणी किती तापलं. त्या निरोपांवर विश्वास ठेवून ते ब्लोअर म्हणजे पंखा, हवा गरम-गार बाजूला वळवणारे फ्लॅप आणि कॉम्प्रेसर हलवतं. निरोप्या, म्हणजे सेन्सर, खोटं बोलला तर युनिट इमानदारीनं चुकीचं काम करतं. तुमच्या युनिटला कोणीतरी सांगतंय की बाहेर हिमालयातली थंडी आहे. मग ते हीटर लावणार नाही तर काय करणार? आणि इतक्या थंडीत बहुतेक युनिट कॉम्प्रेसर लागूच देत नाहीत. ती गरम हवा एसीची नव्हेच. ती इंजिनच्या ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्यावरून, हीटरच्या कॉइलमधून येते. आमच्याकडे एक म्हातारे गिऱ्हाईक दारातूनच ओरडत यायचे, "पात्रांव, गाडी हीटर जाल्या!" (मालक, गाडी हीटर झालीय!) त्यांचं निदान शब्दशः बरोबर असायचं.

आता उणे ३०च का? तापमानाचे हे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, मिरीएवढा दाणा. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, गार झाला की वाढतो. वायर तुटली किंवा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, सुटला की रेझिस्टन्स अमर्याद. युनिटच्या हिशेबात अमर्याद रेझिस्टन्स म्हणजे अमर्याद थंडी. मग ते आपल्या पट्टीवरचा सर्वांत खालचा आकडा दाखवून बसतं. काही नवी युनिट असा निरोप आला की दोष ओळखून मनानंच एक ठरावीक आकडा धरतात. तुमचं तेवढं हुशार दिसत नाही, आणि ते बरंच झालं, नाहीतर हा पुरावा आपल्याला दिसलाच नसता.

बाहेरच्या तापमानाचा सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या मागं, कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीच्या) पुढ्यात एका प्लॅस्टिकच्या खुंटीला अडकवलेला असतो. रंगारी बंपर उतरवतो, दोन वायरींचा तो कपलर सोडतो आणि बंपर चढवताना विसरतो. फॉगलॅम्पचा विसरला तर दिवा लागत नाही म्हणून लगेच कळतं. या बापड्याची आठवण कोणाला येत नाही. तुमच्या बाबतीत हेच झालंय असं मी छातीठोक म्हणत नाही, पण पैज लावायची झाली तर यावरच लावीन.

तेव्हा रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, खालून टॉर्च मारून पाहा. कपलर लोंबकळताना दिसला तर आधी त्याचं तोंड बघा. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाचं पाणी मिळून तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर धरतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशनं घासून काढा, मगच जोडा. जोडूनही उणे ३०च राहिलं, तर सेन्सर काढून त्याला मल्टिमीटर ओहमवर लावा आणि सेन्सर मुठीत धरा. आकडा किती हवा ते गाडीगणिक वेगळं, पण मुठीच्या उबेनं तो हळूहळू घसरायला हवा आणि बर्फाच्या खड्याला टेकवला की चढायला हवा. मध्येच उड्या मारत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर सेन्सर गेला. नवा सेन्सर पॅनेलच्या तुलनेत चिल्लर आहे.

आणखी एक खात्री. सेन्सर काढलेल्या अवस्थेत गाडीकडच्या कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडून थोडं थांबा. आता रेझिस्टन्स शून्य, म्हणजे युनिटला वाटलं पाहिजे की बाहेर भट्टी पेटलीय. हीटर बंद होऊन फ्लॅप गारव्याकडं वळला, तर इथून पॅनेलपर्यंतच्या वायरी शाबूत आणि युनिटचं डोकंही ठिकाणावर. ही युक्ती फक्त या दोन वायरींच्या थर्मिस्टरला. तीन वायरींच्या कुठल्याही कपलरमध्ये असली जोडाजोड करायची नाही, तिथं काहीतरी जळेल.

कपलर जोडल्या जोडल्या पॅनेलवरचा आकडा बदलला नाही तर घाबरू नका. बऱ्याच गाड्या बाहेरचं तापमान मुद्दाम सावकाश वर चढवतात, कारण सिग्नलला उभं असताना इंजिनची धग सेन्सरला लागते. साखळी गावापर्यंत एक फेरी मारून या, किंवा बॅटरी काढून पुन्हा लावा.

आता गॅस. तुमच्या गॅरेजवाल्याला मी अगदीच दोष देणार नाही, पण तो का फसला ते सांगतो. कॉम्प्रेसर लागत नसला की दाब मोजायच्या गेजचे दोन्ही काटे एकाच ठिकाणी उभे राहतात. आर-१३४ए गॅस असेल तर ३० अंशांना ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास. आत शंभर ग्रॅम असो की पाचशे, थोडा तरी द्रव शिल्लक आहे तोवर काटा तिथंच. त्यावरून गॅस किती आहे हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. तरी 'थोडा कमी दिसतोय' म्हणून त्यानं मारला आणि पुढच्या खेपेला पुन्हा मारला. गॅस हा पेट्रोलसारखा संपत नाही. यंत्रणा सीलबंद असते; कमी झाला तर कुठूनतरी गळतोय आणि गळत नसेल तर भरायचं कारण नाही. आता तुमच्या गाडीत तो जास्त झाला असणार. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नव्हे, उलट हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या नळीतला, दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो आणि ट्रॅफिकमध्ये हवा कोमट होते. सेन्सरचं काम झालं की ज्याच्याकडं गॅस ओढून साठवणारं रिकव्हरी मशीन आहे अशा ठिकाणी सगळा गॅस काढून घ्या, अर्धा तास तरी व्हॅक्यूम मारा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच वजनावर भरून घ्या. तुमच्या आकाराच्या गाडीला तो अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्याकडं जाऊ नका. हा एक किलो वातावरणात सोडणं म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. आणि स्वस्तात पडतो म्हणून घरगुती सिलिंडरच्या जातीचा ज्वालाग्राही गॅस कोणी भरू लागला तर चावी काढून घ्या आणि घरी या.

आता पॅनेल विझण्याकडं वळू. हे दुखणं वेगळं आहे. दोन लक्षणं एकाच गाडीत दिसली की माणूस त्यांना एक कारण शोधू लागतो, मीही शोधायचो. पण बंपर रंगवण्याच्या कितीतरी आधीपासून पॅनेल विझत होतं, हे तुम्हीच लिहिलंय.

थाप मारली की पेटतं याचा अर्थ कुठंतरी जोड सुटतोय. आतला आयसी, म्हणजे चिप, थाप मारून बरा होत नसतो. पॅनेल उघडण्याआधी अर्थिंग बघा. मल्टिमीटर व्होल्टवर, काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पॅनेलच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनेला. ब्लोअर फुल, हेडलाइट चालू. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर दोष डॅशखाली पायाजवळच्या पत्र्यावर जो अर्थचा बोल्ट असतो तिथं आहे. पावसाळ्यात मॅटखाली पाणी साचलेल्या गाड्यांत तो गंजून लाल झालेला असतो. सोडवा, पत्रा खरवडून चमकवा, घट्ट करा. दहा मिनिटांत काम संपलं तर पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही.

नाही संपलं तर पॅनेल काढावं लागेल. आधी स्टीरिओचा कोड असेल तर लिहून ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि एअरबॅग असेल तर दहा मिनिटं गाडीला हात लावू नका. डॅशच्या कडांना मास्किंग टेप लावा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर कपाटात ठेवा. बाद झालेलं एटीएम कार्ड किंवा तासलेली बांबूची कांब चांगली चालते. वीस वर्षं ऊन खाल्लेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा दुपारी गाडी तापलेली असताना जरा मवाळ असतात, गारठलेल्या सकाळी पटापट तुटतात. म्हणून सेन्सर सकाळी आणि पॅनेल दुपारी. प्रत्येक कपलर काढण्याआधी मोबाईलवर फोटो.

बोर्ड बाहेर आला की लगेच सोल्डरिंग गन तापवू नका. खिडकीजवळ बसा, भिंग घ्या आणि बोर्ड तिरपा धरून उजेड त्याच्या पृष्ठभागावरून घसरू द्या. कपलरच्या पिना ज्या बाजूला सोल्डर केल्यात ती बाजू बघा. चांगला जॉइंट छोट्या डोंगरासारखा, पिनेला सगळीकडून चढलेला असतो. सुटलेल्या जॉइंटमध्ये पिनेभोवती केसाएवढी करडी रेघ गोल फिरलेली दिसते, जणू कोणी टाचणीनं वर्तुळ काढलंय. आम्ही याला ड्राय सोल्डर म्हणतो. समोरून पाहिलं तर ती दिसतही नाही, बोर्ड हलवत राहिलात तरच एकदम चमकून जाते. पिना जाड पितळेच्या, बोर्ड फायबरचा. दोघं वेगवेगळ्या मापानं प्रसरण पावतात. उन्हात उभी गाडी, तापलेला डॅश, मग एसी लावून गार, मग पुन्हा ऊन. वीस वर्षं हे रोज चाललं की सोल्डर थकतं, आणि चोर्ल्याच्या घाटातल्या दोन फेऱ्या त्याला पुरतात. कपलरनंतर व्होल्टेज रेग्युलेटरचे पाय आणि जे भाग तापतात त्यांचे जॉइंट बघा.

संशयित जॉइंटवर नुसतं नवं सोल्डर थापायचं नाही. जुनं डिसोल्डरिंग विकनं (तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं) शोषून घ्या, फ्लक्स लावा, ६३/३७चं (कथील-शिशाचं) पातळ सोल्डर वापरा. हे १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, त्यामुळे गोठताना पिन हलून जॉइंट बिघडण्याची भीती कमी. गनचं टोक ३३० ते ३५० अंश, एका जॉइंटला दोन-तीन सेकंद, बस्स. एक दिसला म्हणून एकच करू नका, त्या कपलरच्या सगळ्या पिना करा. पुन्हा डॅश उघडायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड धुऊन वाळवा. हात थरथरत असेल किंवा आयुष्यात कधी सोल्डर केलं नसेल तर बोर्ड काढून टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं न्या आणि भिंगातून त्याला जागा दाखवा. वीस मिनिटांचं काम.

बोर्डावर छोटे डब्यांसारखे कपॅसिटर असतील तर त्यांच्या बुडाशीही नजर टाका. तिथं तपकिरी ओल, किंवा तांब्याच्या रेघा काळवंडलेल्या दिसल्या, तर ते फुटलेत. गन लावली की कुजक्या मासळीचा वास येतो; कपॅसिटरमधल्या द्रवाचाच तो. माझा पहिला असा बोर्ड दुकानात उघडला तेव्हा पोऱ्या बांगड्याचा डबा शोधत होता. तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा नवा टाका आणि प्लस-मायनस उलट करू नका.

बाकीचे निरोपे, म्हणजे सेन्सर, हातासरशी बघून घ्या. पुष्कळ जपानी गाड्यांत स्वतःची तपासणी करायची सोय असते: कुठं ऑटो आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण), कुठं ऑटो आणि ऑफ ही बटणं एकत्र दाबून इग्निशन चालू केलं की पॅनेल लुकलुकतं आणि दोषाचे आकडे दाखवतं. तुमच्या गाडीची जोडी मॅन्युअलमध्ये सापडेल. ही टेस्ट उन्हात करा. शेडमध्ये अंधारात केली तर काही गाड्या उन्हाच्या सेन्सरचा दोष दाखवतात आणि माणूस धडधाकट सेन्सर बदलून बसतो.

आतल्या तापमानाच्या सेन्सरपुढं पॅनेलवर किंवा स्टिअरिंगच्या बाजूला छोटी जाळी असते. तिच्यातून हवा आत ओढली जायला हवी, तरच त्याला केबिनची खरी हवा कळते. ब्लोअर चालू ठेवून जाळीजवळ पेटती अगरबत्ती धरा. धूर आत वळला तर ठीक. सरळ वर गेला तर मागची बोटाएवढी पाइप सुटलीय. स्टीरिओ बसवणाऱ्यानं हमखास सोडलेली असते. अशा गाडीत सेन्सर डॅशच्या आतल्या धगीत बसतो आणि युनिट मर मर गारवा मारत राहतं. म्हणजे तुमच्या उलट तक्रार.

सगळं जोडूनही एकाच बाजूला गरम किंवा डॅशमध्ये टकटक आवाज आला तर फ्लॅपच्या मोटरचा प्लॅस्टिकचा दात तुटलाय. तासभर एसी बरा चालून हवा मंदावत गेली, आणि पणजीत चहा घेऊन परत आल्यावर पुन्हा जोरात आली, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तिथला सेन्सर पात्यांतून निसटलेला असतो.

ब्लोअरबद्दल जरा थांबतो, कारण इथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. ऑटोमॅटिक गाड्यांत ब्लोअरचा वेग एक पॉवर ट्रान्झिस्टर ठरवतो. तो गेला की ब्लोअर एक तर बंद, नाही तर कायम फुल. २०१२च्या आधी, खाणी जोरात होत्या तेव्हा, डिचोलीच्या एका गाडीचा ट्रान्झिस्टर मी बदलला. तीन महिन्यांत गेला, पुन्हा बदलला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा लाज वाटून ब्लोअर उतरवला तेव्हा पंख्याच्या पात्यांत खनिजाची लाल माती ओली होऊन विटेसारखी थापली होती आणि बेअरिंग हातानं फिरेना. मोटर दुप्पट करंट खेचत होती आणि ट्रान्झिस्टर बिचारा भाजून निघत होता. त्या गिऱ्हाइकाचे दोन ट्रान्झिस्टरचे पैसे मी परत केले. तेव्हापासून ब्लोअरचा करंट मोजल्याशिवाय मी ट्रान्झिस्टरला हात लावत नाही.

इतकं करूनही पॅनेल उठलं नाही, तर जुनं शोधा, नवं नको. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. फोटो पाहून घेऊ नका. मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. त्याच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटची पॅनेलं बाहेरून जुळी दिसतात आणि आतून सावत्र निघतात.

शेवटची चाचणी. दुपारी बारा-एकला, खिडक्या बंद, रिसर्क्युलेशन, ब्लोअर मध्यम, इंजिन १५०० आरपीएमवर, मधल्या जाळीत थर्मामीटर खुपसा आणि दहा मिनिटं थांबा. व्हिडिओंत लोक ५ अंश दाखवतात, ते कोरड्या मुलखात. आपल्या दमट हवेत कॉइलची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते, म्हणून ९-१० अंश मिळाले तरी खूश व्हा. ते पाणी गाडीखाली धारेनं पडताना दिसलं पाहिजे. पडत नसेल तर ड्रेनची नळी चोंदलीय आणि तेच पाणी मॅटखाली, त्या अर्थच्या बोल्टवर जातंय. फणसाखाली गाडी लावत असाल तर वायपरखालचा पालापाचोळाही मे संपायच्या आत काढून टाका, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच डॅशमध्ये उतरतं.